समुद्री कासवांसाठी स्वयंसेवक व्हायचंय? वाशीपासून वेळासपर्यंत, कामाची खरी माहिती

वाशी म्हटलं की बहुतेकांना नवी मुंबई आठवते. धाराशिव जिल्ह्यातली वाशी वेगळी. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा तालुका. सोयाबीन, तूर, ज्वारीची शेतं आणि पावसाकडे लागलेले डोळे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरीही मार्च उजाडला की इथल्या मोबाइलवरही तेच व्हिडिओ फिरू लागतात. वाळूवरून लुटुलुटु समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं, आणि खाली हमखास एक प्रश्न: “हे काम करायला आम्हाला येता येईल का?”

येता येईल. त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही आणि पोहताही यावं लागत नाही. मात्र व्हिडिओत दिसतो तो या कामाचा सगळ्यात छोटा, शेवटचा भाग आहे. त्याआधी पन्नासेक दिवसांची राखण असते, पहाटेची पायपीट असते आणि वहीत लिहिलेल्या नोंदी असतात. स्वयंसेवकाची खरी गरज तिथे पडते.

महाराष्ट्रात कोणती कासवं येतात?

जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत. त्यांतल्या पाच भारताच्या समुद्रात आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले. पाठीचा रंग ऑलिव्हसारखा हिरवट-करडा, लांबी साधारण दोन ते सव्वादोन फूट, वजन ३५ ते ४५ किलो. समुद्री कासवांमध्ये हे आकाराने लहानच.

मादी साधारणपणे रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळूने बुजवते, वरची जागा अंगाने थोपटून सपाट करते आणि समुद्रात परतते. पुन्हा घरट्याकडे फिरकत नाही. नर तर पिल्लू असताना एकदा पाण्यात गेला की सहसा आयुष्यभर जमिनीवर येत नाही.

कोकणात अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. पिल्लं बाहेर येण्याचा काळ जानेवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत चालतो. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे लाखो माद्या काही दिवसांत एकत्र येतात, तसं दृश्य महाराष्ट्रात नाही. इथे माद्या एकेकट्या येतात, कधी या गावाच्या किनाऱ्यावर, कधी त्या. म्हणूनच इथलं संरक्षण गावागावात विखुरलेलं आहे आणि ते गावकऱ्यांशिवाय होऊच शकत नाही.

वेळासमध्ये सुरुवात कशी झाली?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास आहे. पूर्वी या गावाची ओळख नाना फडणवीसांचं गाव अशी होती. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत होते. त्या कामात वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं येतात आणि त्यांची अंडी माणसं काढून नेतात. उरलेल्यांवर कुत्री आणि कोल्हे ताव मारतात.

संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात ५० घरटी वाचवण्यात आली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली. या कामामागे भाऊ काटदरे यांचं नाव सर्वांना परिचित आहे. पण कामाचा कणा होता गावातली माणसं. पूर्वी ज्यांना घरटं अचूक सापडायचं, त्यांचंच कसब आता राखणीसाठी वापरलं गेलं.

२००६ मध्ये वेळासला ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, गावातल्या घरांमध्ये राहू-जेवू लागले. कासव जिवंत राहिलं तर गावाला चार पैसे मिळतात, हे गणित जुळलं आणि राखण टिकली. पुढे वनविभाग आणि राज्य शासनाचं कांदळवन प्रतिष्ठान या कामात उतरलं. आज रायगडमध्ये हरिहरेश्वर, दिवेआगर, रत्नागिरीत वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा अनेक किनाऱ्यांवर घरटी राखली जातात. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या स्थानिक माणसाला सगळीकडे एकच नाव आहे, ‘कासवमित्र’.

घरट्यापासून समुद्रापर्यंत: काम नेमकं कसं चालतं?

कासवमित्राचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. तो किनारा चालत जातो आणि वाळूवर उमटलेला माग शोधतो. लहान ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा हा माग समुद्रातून वर येतो आणि परत समुद्रात जातो. ऑलिव्ह रिडले डावं-उजवं पाऊल आळीपाळीने टाकते, म्हणून दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर न येता पुढे-मागे पडतात. भरती आली किंवा लोकांची ये-जा सुरू झाली की माग पुसला जातो. म्हणून उशिरा उठून हे काम जमत नाही.

माग जिथे वळतो तिथे वाळू विस्कटलेली असते. अनुभवी माणूस तिथे वाळूचा भुसभुशीतपणा तपासून नेमकी जागा ओळखतो. घरटं सुरक्षित जागी असेल तर ते तिथेच ठेवून राखणं सर्वांत चांगलं. पण भरतीचं पाणी पोचण्याची, कुत्र्या-कोल्ह्यांची किंवा चोरीची भीती असेल तर अंडी हॅचरीत हलवली जातात. किनाऱ्यावरच वाळूत जाळीचं कुंपण घालून केलेली जागा म्हणजे हॅचरी.

अंडी हलवण्यात दोन गोष्टी जिवावरच्या असतात. पहिली म्हणजे वेळ. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं किंवा हिंदकळलं तर गर्भ दगावतो. म्हणून अंडी शक्य तितक्या लवकर, न फिरवता, हळुवार उचलावी लागतात. दुसरी म्हणजे खड्डा. मादीने खणला तेवढाच खोल आणि तसाच सुरईसारखा खड्डा हॅचरीत करावा लागतो, कारण वाळूच्या खोलीवर आतली ऊब आणि ओल अवलंबून असते.

मग घरट्यावर पाटी लागते: तारीख, अंड्यांची संख्या, मूळ जागा. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वाळू सरकवत वर येतात. तो काळ जवळ आला की घरट्यावर टोपली उपडी ठेवतात आणि दिवसातून अनेकदा उचलून बघतात. पिल्लं आली की ती पाण्यात टाकत नाहीत. समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूवर सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत जातात. ऊन टाळण्यासाठी हे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी होतं. नंतर घरटं उकरून रिकामी टरफलं आणि न उबलेली अंडी मोजली जातात. किती अंड्यांतून किती पिल्लं आली, हा आकडा वहीत चढतो. त्या घरट्याचं काम तेव्हा संपतं.

यात स्वयंसेवकाच्या वाट्याला काय येतं?

समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. वाघाला आहे तेच. अंडी उचलणं, हलवणं, पिल्लू हाताळणं ही कामं परवानगी असलेली, शिकवलेली माणसंच करू शकतात. “मी स्वयंसेवक आहे” एवढं सांगून अंड्याला हात लावता येत नाही.

मग उरतं काय? पुष्कळ काही.

• पहाटेच्या गस्तीत कासवमित्रासोबत चालणं. एक माणूस मागाकडे पाहत असताना दुसऱ्याने वेळ, जागा, भरतीरेषेपासूनचं अंतर लिहून घेणं.
• हॅचरीतल्या वाळूचं तापमान ठरलेल्या वेळी मोजणं आणि वहीत भरणं.
• किनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा आणि तुटकी जाळी उचलणं. पिल्लाला एक दोरीचा गुंताही ओलांडता येत नाही.
• पिल्लं सोडताना पर्यटकांना दोरीमागे थांबवणं, शांत ठेवणं, फ्लॅश बंद करायला लावणं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम.
• शाळांमध्ये आणि बंदरावर माहिती सांगणं, जुन्या वह्यांतल्या नोंदी संगणकात भरणं.

पिल्लं दिसतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चार दिवस राहून एकही टोपली न हलल्याचा अनुभव नेहमीचा आहे. मात्र “आज माग नाही” हीसुद्धा नोंद असते. मादी आलीच नाही की आली आणि कोणी पाहिलं नाही, हा फरक फक्त रोजच्या नोंदीतूनच कळतो.

मदत वाटते, पण नुकसान होतं

पिल्लू हातावर घेऊन फोटो काढणं कायद्याने गुन्हा आहे आणि पिल्लाच्या जिवालाही धोका. अंड्यातून बाहेर आल्यावर त्याच्या पोटात पिवळ्या बलकाची थोडी शिदोरी उरलेली असते. पहिले काही दिवस पोहायला तीच कामी येते. हाताळणीत किंवा बादलीत ठेवून ती खर्च झाली की पुढचा प्रवास अर्धपोटी होतो.

प्रकाशाचंही तसंच. पिल्लं रात्री उजळ क्षितिजाकडे जातात, आणि नैसर्गिक किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. रिसॉर्टचे दिवे, गाडीचे हेडलाइट, मोबाइलची टॉर्च यांमुळे ती उलट दिशेला, रस्त्याकडे वळतात. अंडी घालायला वर आलेली मादी पांढऱ्या उजेडाने बिचकून तशीच परत जाते. गस्तीत उजेड लागलाच तर मंद लाल वापरतात.

आणि पिल्लू धडपडतंय म्हणून उचलून पाण्यात सोडायचं नाही. मोठी झालेली मादी आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्याकडे परतते. त्या ओळखीची सुरुवात वाळूपासूनच होते, असं अभ्यासक मानतात.

नोंदींचा उपयोग काय? दोन कासवांची गोष्ट

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. महाराष्ट्रातली ही पहिलीच, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. त्याच हंगामात आंजर्ले आणि गुहागरला सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी यांच्यावरही यंत्रं बसली. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानचा हा प्रकल्प. कासव श्वासासाठी पृष्ठभागावर आलं की यंत्र संदेश पाठवतं. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचली.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी होती. क्रमांक ०३२३३. शोध घेतला तेव्हा कळलं, ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असा समज होता. एका पट्टीने त्याला धक्का दिला. त्यासाठी दोन माणसांनी आपापलं काम नीट करावं लागलं: ओडिशात पट्टी लावून क्रमांक नोंदवणाऱ्याने, आणि चार वर्षांनी गुहागरच्या अंधारात तो क्रमांक वाचणाऱ्याने. स्वयंसेवकाला “काळजीपूर्वक लिहा” असं वारंवार का सांगतात, ते यावरून समजतं.

हॅचरी म्हणजे सगळं ठीक?

नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतालच्या वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात. त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, थंड वाळूत नर. उष्णता फारच वाढली तर अंडी आतच मरतात. हंगामाच्या शेवटी, एप्रिल-मेच्या उन्हात राहिलेल्या घरट्यांवर म्हणून सावली करावी लागते. तापमान मोजायचं ते याचसाठी.

किनाऱ्याची धूप, वाळूउपसा, किनाऱ्यालगतची बांधकामं हे प्रश्न कुंपणाने सुटत नाहीत. मोठी कासवं तर मासेमारीच्या जाळ्यांत अडकून बुडतात, कारण त्यांना श्वासासाठी वर यावंच लागतं. महाराष्ट्रात २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जखमी कासवांवर पालघर जिल्ह्यात डहाणूच्या केंद्रात उपचार होतात. घरट्यांची राखण या साखळीतली एक कडी आहे.

वाशीहून जायचं तर?

हंगाम आधी ठरवा. गस्त आणि घरट्यांचं काम पाहायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, पिल्लं पाहायची असतील तर साधारण मार्च-एप्रिल. वाशीहून आधी पुणं गाठायचं. तिथून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोट खाडी ओलांडून वेश्वी, आणि मग वेळास. परीक्षांचा काळ आणि पिल्लांचा काळ नेमका एकत्र येतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

अचानक जाऊन थडकू नका. आधी संस्थेशी, वनविभागाशी किंवा गावातल्या घरगुती निवासाच्या यजमानांशी बोला. कोणत्याही प्रकल्पाला, देशातल्या असो वा परदेशातल्या, हे प्रश्न विचारा:

• वनविभागाची परवानगी कोणाच्या नावावर आहे?
• पैसे भरायचे असतील तर त्यातलं काय स्थानिक माणसाला मिळतं?
• पिल्लं हातात देऊ, असं आमिष दाखवलं जातंय का? तसं असेल तर तिथे जाऊ नका.
• हंगाम संपल्यावर नोंदींचं काय होतं?

या कामाची परंपरा जुनी आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर १९५० च्या दशकापासून कासवांचा सलग अभ्यास चालतो आणि त्यात जगभरातले स्वयंसेवक सहभागी होतात. आपल्याकडे चेन्नईत विद्यार्थ्यांचं एक मंडळ १९८८ पासून हंगामात रात्री किनारा चालतं. मुंबईत वर्सोव्याला २०१५ मध्ये नागरिकांनी किनारा साफ करायला घेतला. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

आणि जाता आलं नाही तर?

वाशी तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते. तेरणाही पुढे मांजरेलाच मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाजवळच्या वाळूवरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. नदीकाठच्या बाजारानंतर उरलेली पिशवी, ओढ्यात टाकलेली प्लास्टिकची दोरी पुरात याच वाटेने निघते. त्यामुळे ओढा साफ ठेवणं हेही कासवांचंच काम आहे.

जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली कासवंही संकटात आहेत. गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, अशा भाकडकथांपायी ग्रामीण भागात त्यांची तस्करी होते. चांदणी कासव किंवा विहिरीत सापडलेलं कासव घरी पाळणं हाही गुन्हा आहे. असं काही दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतं. यासाठी वाशी सोडावी लागत नाही.

दिसणार नाही असं यश

समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी मोठी होईपर्यंत जगतं ते साधारण हजारात एक, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. ऑलिव्ह रिडले वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेते. म्हणजे या मार्चमध्ये सोडलेल्या पिल्लांपैकी एखादी मादी अंडी घालायला येईल तेव्हा आजचा बारावीचा विद्यार्थी तिशीच्या आसपास असेल. ती आली तरी तिला कोणी ओळखणार नाही.

म्हणूनच या कामात एकट्याचं नाव होत नाही. एक हंगाम एकाने राखायचा, वही पुढच्याच्या हाती द्यायची. वेळासला २००२ पासून हेच चाललं आहे. वाशीहून जाणाऱ्याने चार दिवस जरी त्या वहीत नीट नोंदी केल्या, तरी त्याचं काम झालं.